शाकारणीच्या आधी

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. तुमच्या माळ्यावर रात्री कुणीतरी वावरते, बहुधा उदमांजर. बाबांना पिंजरा लावायचा आहे, आजी रात्री कठड्यावर केळे ठेवते आणि धाकटा मोबाईल घेऊन शिडीवर चढतो. प्राणिशास्त्र शिकतेस म्हणून सगळे तुझ्याकडे बघणार, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आधी प्राणी कोणता ते नक्की कर. उंदीर तुरुतुरु पळतो. उदमांजर चांगले दोन-चार किलोचे, वाशांवरून गेले की खाली निजलेल्याला वाटते वर कुणी माणूसच चालतोय. काळोख पडला की बाहेर जाते, उजाडायच्या आत परत येते. त्याच्या वाटेवर एखाद्या फळीवर पीठ भुरभुरून ठेव. मांजराच्या पावलाची चार बोटे उमटतात, याची पाच. विष्ठा बहुधा कुंपणाच्या गडग्यावर उघड्यावरच सापडेल, तीत चिकूच्या, पपईच्या बिया अख्ख्या दिसतील. माळ्यावर कधी कधी शिजत्या आंबेमोहोरासारखा वास येतो तोही त्याचाच. (आजीला हे सांगू नकोस, केळ्यासोबत भातही ठेवील.)

ते तुमच्याकडेच का आले, याचे फार गूढ नाही. वर पणजीच्या आल्तिनो टेकडीच्या उताराची झाडी, खाली मळा वाड्यातली तुमची जुनी कौलारू घरे. त्याला दोन्ही लागतात, खायला झाडी आणि दिवसा झोपायला काळोखा माळा. बोंडू, फणस, आंबा, भेरली माडाची फळे, काहीही चालते. माडी काढणाऱ्या रेंदेराने माडावर लावलेल्या मडक्यातली सूर, म्हणजे माडीही पिते. उंदीर मिळाला तर तोही सोडत नाही. बिया दूरवर नेऊन टाकते, त्यातल्या पुष्कळ रुजतात.

आता बाबांचा पिंजरा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय त्याला पकडणे गुन्हा आहे, हे त्यांना शांतपणे सांग. 'बोंडल्याला नेऊन सोडू' असे ते म्हणतातच. बोंडला अभयारण्य अवघे 8 चौरस किलोमीटर. तिथे आधीपासून राहणारे प्राणी आहेत, आणि या नवख्याला ना झाडे ठाऊक ना लपायच्या जागा. इकडे तुमच्या माळ्याचे भोक उघडेच राहिले, तर दुसरे येऊन बसेल. मला पिंजऱ्याचा राग येतो तो मुख्यतः यासाठी, की त्याने काम झाल्याचे समाधान मिळते आणि काम तसेच राहते.

आजीचेही केळे बंद कर. हाताने दिलेल्या खाण्याला चटावलेला प्राणी उद्या स्वयंपाकघरात शिरेल, आणि शेजारी काही आजीइतके मायाळू नसतात. धाकट्याला शिडीवरून उतरव. पिल्ले असलेली मादी अंगावर येऊ शकते. चावलीच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी इस्पितळ गाठायचे. डांबराच्या गोळ्या टाकू नका, वास आधी तुमच्याच खोलीत उतरेल.

खरी अडचण शाकारणीची आहे. पावसाळ्यापूर्वी कौले उतरतात, तेव्हा कामगारांना कोपऱ्यात पिल्ले सापडतात आणि कुणीतरी ती पोत्यात भरून लांब टाकून येतो. म्हणून कौलांना हात लावण्याआधी माळ्याचा कानोसा घे. दिवसा बारीक चिंचिं ऐकू आली तर पिल्ले आहेत असे समज. ती साधारण दोन महिन्यांत दूध सोडतात आणि आईमागून बाहेर पडू लागतात. तोवर त्या बाजूचे काम मागे ठेवा, दुसरी बाजू आधी करून घ्या. पिल्ले उघडी पडलीच, तर हात न लावता वनखात्याला फोन कर.

माळा रिकामा झाल्याची खात्री पिठानेच होईल. एके रात्री आई आणि पिल्ले सगळी बाहेर गेली, की भोकावर जाड जाळी ठोकायची. कौलांना टेकलेली आंब्याची फांदी छाटायची, पिकलेली पपई झाडावर ठेवायची नाही, ओल्या कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण. त्यानंतरही ते परसात येईल, गडग्यावरून जाईल. जाऊ दे.

जाळी बसवायला तुमचा नेहमीचा मेस्त (मिस्त्री) नको, तो घाईचा आहे. फोंड्याचा एक माझ्या माहितीतला आहे. पैसे थोडे जास्त घेतो, पण थांब म्हटले की थांबतो. शाकारणीची तारीख बाबांना विचारून कळव, म्हणजे त्याच्याशी बोलून ठेवतो.

तुझे,
सर