तुटपुंजी शिल्लक आणि मुंबईची नोकरी

‘मुंबईत नोकरी मिळते आहे, पगार बेताचा आहे, हाताशी थोडीच शिल्लक आहे, जावे की जाऊ नये?’ हा प्रश्न घेऊन माझ्याकडे दरवर्षी कोणी ना कोणी येते. इंदूर आता पूर्वीसारखे स्वस्त राहिलेले नाही हे खरे, पण येथील मराठी घरांतील बरीच मुले वडिलांनी किंवा आजोबांनी बांधलेल्या घरात वाढलेली असतात. घरभाडे ही त्यांच्यासाठी ऐकीव गोष्ट असते, आणि पगाराचा निम्मा भाग केवळ राहण्यासाठी जाऊ शकतो हे त्यांना कळते ते पुण्या-मुंबईत चौकशी सुरू केल्यावर. पुढील हकीकत अशाच एका मुलीची आहे. तिच्या संमतीने ती लिहीत आहे आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

ती चोवीस वर्षांची, वाणिज्य शाखेची पदवीधर, घर सुदामा नगरात. एम. टी. क्लॉथ मार्केटमधील एका घाऊक व्यापाऱ्याकडे ती हिशेबाचे आणि जीएसटीचे काम करीत होती आणि तिला महिना साडेसोळा हजार मिळत होते. अंधेरी पूर्वेला मरोळ भागातील एका मालवाहतूक कंपनीच्या लेखा विभागात तिची निवड झाली होती. नेमणूकपत्रावर वर्षाला ३ लाख ३६ हजार रुपये असा आकडा होता. शिल्लक सत्तर हजार होती, त्यांपैकी दहा हजार भिशीत अडकलेले होते आणि ते दिवाळीपूर्वी हाती येणार नव्हते.

ती आली ती मात्र सल्ला मागायला नव्हे, झोप लागत नाही म्हणून. रात्री जेवणे झाल्यावर ती मोबाइलवर हिशेबाचा तक्ता उघडायची, आकडे इकडचे तिकडे करायची, बेरीज तीच यायची, आणि मग पहाटेपर्यंत छातीत धडधड. हिशेब करणे चांगलेच. पण तोच हिशेब रोज रात्री पुन्हा मांडणे हे नियोजन राहत नाही, तो भीतीचाच एक उद्योग होऊन बसतो. म्हणून मी तिला सांगितले की आठवडाभर तक्ता उघडायचा नाही आणि पुढच्या भेटीला तो कागदावर उतरवून आणायचा, आपण दोघी मिळून तो एकदाच पाहू.

त्या कागदावर मला सर्वांत आधी खटकला तो पगार. तिने ३ लाख ३६ हजारांना बाराने भागून महिना अठ्ठावीस हजार धरले होते. कंपनीच्या एकूण खर्चाचा हा आकडा हातात पडणारा पगार नसतो, ही गोष्ट हिशेबाचेच काम करणाऱ्या मुलीच्याही ध्यानात आली नव्हती, कारण व्यापाऱ्याकडे तिला भविष्य निर्वाह निधी नव्हताच, पगार सरळ खात्यात यायचा. मूळ वेतन चौदा हजार धरले तर त्याचे बारा टक्के, म्हणजे १,६८० रुपये, कंपनीच्या वाट्याचे आणि तेवढेच तिच्या वाट्याचे. शिवाय ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या उपदानाची) तरतूद, महाराष्ट्राचा दरमहा दोनशे रुपये व्यवसाय कर आणि गट विम्याचा हप्ता वजा जाता हाती साडेतेवीस हजारांच्या आसपास उरत होते. पगार एकवीस हजारांच्या वर असल्याने ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, वैद्यकीय सोयही तिला लागू होणार नव्हती. म्हणून गट विमा नेमका किती रकमेचा आहे आणि तो पहिल्या दिवसापासून लागू होतो का, हे लेखी विचारून घ्यायला मी सांगितले.

दुसरी गोष्ट रुजू होण्याच्या तारखेची. तिला बावीस तारीख दिली होती. अनेक कंपन्यांत वीस-बावीस तारखेनंतर रुजू झालेल्यांचा पहिला पगार पुढच्या महिन्याच्या अखेरीस एकदम निघतो, म्हणजे जवळजवळ चाळीस दिवस शिलकीवर काढावे लागतात. तिने मनुष्यबळ विभागाला साधी ईमेल केली, तिच्या बाबतीतही तसेच होणार असल्याचे समजले, आणि विनंती केल्यावर पुढच्या महिन्याची एक तारीख मिळाली. तिच्या धडधडीचा बराच भाग त्या एका उत्तराने ओसरला. चिंतेतल्या ज्या गोष्टीला एका फोनवर उत्तर मिळू शकते ती आधी निकालात काढावी, असा माझा शिरस्ता आहे. उरते ती खरी चिंता.

खरी चिंता कागदाच्या पहिल्या ओळीत होती. तेथे लिहिले होते : ‘घरी – ८,०००’. त्याखाली राहणे, प्रवास, जेवण, फोन, औषध. राहण्याचा आकडा तिने तीनदा खोडून कमी केला होता, जेवणाचा दोनदा, पण पहिली ओळ एकदाही खोडलेली नव्हती. मी तिला विचारले की हा आकडा कोणी ठरवला. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “कोणी नाही ताई. नोकरी लागल्यापासून देतेच आहे.”

या घराची पार्श्वभूमी येथे सांगायला हवी. इंदूरच्या कापड गिरण्या एकेक करून बंद पडल्या तेव्हा तिचे वडील ऐन पंचविशीत होते आणि नोकरीला लागून त्यांना जेमतेम तीन वर्षे झाली होती. पुढे सियागंजमधील एका किराणा घाऊक दुकानात त्यांनी मुनिमी केली. गिरणीतल्या थकीत रकमेची वाट त्या पिढीतल्या अनेकांनी तीस-तीस वर्षे पाहिली. अशा घरात वाढलेल्या मुलीला ‘हातचे सोडू नये’ हे कोणी शिकवावे लागत नाही. तिच्या मनात आठ हजारांची रक्कम ही घराची गरज म्हणून नव्हती, ती वडिलांच्या आयुष्याची भरपाई होती, आणि भरपाईत काटछाट करायची कशी, या पेचाने तिला झोप येत नव्हती. मुंबई परवडेल का, या प्रश्नाच्या आडोशाने तोच पेच विचारला जात होता.

मी आईवडिलांना बोलावण्याबद्दल विचारले, तेव्हा तिने आधी नकारच दिला. तिसऱ्या भेटीत ती दोघांना घेऊन आली. बैठक सुरळीत झाली असे म्हणता येणार नाही. मुलीच्या पैशाशिवाय घर चालते का, हे मी शक्य तितक्या सौम्य शब्दांत विचारले, तरी वडिलांना तो अपमान वाटला आणि ते उठूनच गेले. दारापर्यंत जाऊन ते परत आले ते आईच्या एका वाक्यामुळे. ती म्हणाली, “अहो, सांगून टाका ना तिला, तिचे पैसे तिच्याच नावाने पोस्टात टाकतो आपण.” आठ हजारांपैकी पाच हजार दरमहा पोस्टाच्या आवर्ती ठेवीत जात होते, तिच्या लग्नासाठी. घरात प्रत्यक्ष लागत होते ते तीन हजार, आणि तेही मुख्यतः वडिलांच्या मधुमेहाच्या औषधांसाठी. तिने हे ऐकले आणि रडली नाही, चिडली; दोन वर्षे आपल्याला कोणी सांगितले नाही म्हणून. त्या चिडण्याला मी आवर घातला नाही, कारण ते रास्त होते. मुलांनी न विचारता द्यायचे आणि आईवडिलांनी न सांगता साठवायचे, ही आपल्या घरांतली रीत मायेची असली तरी स्थलांतराच्या वेळी ती भलतीच महाग पडते.

पोस्टाचे पासबुक टेबलावर आल्यानंतर हिशेब नव्याने मांडला. अंधेरीत तिघींच्या खोलीत, दोन वेळच्या जेवणासह, पेइंग गेस्ट म्हणून राहण्याचे तिला बारा हजार सांगितले होते. प्रवास, दुपारचा डबा, फोन, औषधपाणी आणि अधूनमधून घरी येणे धरून आणखी साडेआठ हजार. म्हणजे साडेतेवीस हजारांतून उरणार तीन हजार, आणि तेही महिना धड गेला तर. इंदुरात मात्र भाडे नाही, जेवण घरचे, सकाळी पोह्यांची बशी खाऊन निघायचे, त्यामुळे घरी आठ हजार देऊनही तिच्या खात्यात तीन-चार हजार पडत होते. निव्वळ पैशाच्या दृष्टीने पहिल्या वर्षी मुंबईला जाणे तोट्याचेच होते, आणि हे मी तिच्या तोंडावर सांगितले. पगार सात हजारांनी वाढला म्हणजे आपण सात हजारांनी वर आलो, हा समज मोडणे माझ्या कामाचाच भाग आहे.

मग तोटा सोसून मिळणार काय, हे तिला विचारले. तिच्याकडे उत्तर होते, आणि ते ऐकूनच मला वाटू लागले की हिने जावे. व्यापाऱ्याकडे वर्षाला पाचशे ते हजाराची वाढ मिळत होती आणि तेथे तिच्या वर चढण्यासाठी दुसरी पायरीच नव्हती, कारण वर थेट मालकच होते. नव्या ठिकाणी मोठ्या कंपनीच्या लेखापरीक्षणाचा अनुभव, भविष्य निर्वाह निधी आणि दीड-दोन वर्षांत नोकरी बदलता येईल असे नाव पदरी पडणार होते. दोन वर्षांपुरता तोटा ठरवून घेणे आणि तोट्यात आपोआप वाहत जाणे यांत फरक आहे. तिने दोन वर्षे ही मुदत स्वतः लिहिली.

हाती असलेल्या साठ हजारांचे आम्ही तीन भाग केले. बारा हजार परतीचे : त्यांत अवंतिका एक्स्प्रेसचे तिकीट, सामान आणण्याचा खर्च आणि इंदुरात नवी नोकरी मिळेपर्यंतचा हातखर्च. या रकमेला हात लावावा लागला तर त्याच आठवड्यात घरी फोन करून सांगायचे, असे ठरले. दुसरा भाग अनामत रकमेचा. ती अडकते, पण परत मिळते, म्हणून ती खर्चात धरून घाबरून जायचे नाही, आणि रोखीने द्यायची नाही, बँकेतूनच द्यायची. उरलेले पहिल्या पगारापर्यंतचे. ‘जाण्याआधीच परत येण्याची भाषा कशाला?’ असे वडिलांनी विचारले. मी त्यांना एवढेच म्हटले की परतीचा रस्ता आधी बोलून ठेवला नाही तर मुली तो लपूनछपून, कर्ज काढून शोधतात. असे माझ्यासमोर घडलेले आहे.

राहण्याचा प्रश्न आत्याने अर्धा सोडवला. आत्या डोंबिवलीला, दोन खोल्यांच्या घरात. “हवे तितके दिवस राहा,” असे ती म्हणाली होती. नातेवाइकांकडे ‘हवे तितके दिवस’ राहणे हे भाडे देऊन राहण्यापेक्षा अवघड असते, म्हणून आम्ही पंचेचाळीस दिवस ही मुदत आधीच आत्याच्या कानावर घातली. पैसे ती घेणार नाही हे माहीत असल्याने महिन्याचे वाणसामान मुलीने भरायचे ठरले. डोंबिवलीहून घाटकोपरपर्यंत लोकल आणि तेथून मेट्रोने मरोळ, असा हा प्रवास. लोकलचा पास आणि मेट्रोचे भाडे वेगवेगळे धरावे लागते आणि गर्दीच्या वेळी एकेका बाजूला दीड तास सहज जातो. पण या दिवसांचा मोठा फायदा असा की खोली स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ठरवता येते. इंदुरात बसून फोटोवर पसंत केलेल्या खोलीसाठी ‘टोकन’ म्हणून यूपीआयने पाच हजार पाठवून फसलेली मुले माझ्याकडे आलेली आहेत.

पन्नासाव्या दिवशी ती अंधेरीतल्या पेइंग गेस्टमध्ये गेली. सुटण्यासाठी किती दिवस आधी सांगायचे आणि अनामत किती दिवसांत परत, हे तिने मालकिणीकडून व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घेतले. पुढे आठ-नऊ महिन्यांनी दोन सहकारी मुलींबरोबर तिने छोटा फ्लॅट घेतला, तेव्हा लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असल्याने नोंदणीची गरज नाही, असे दलालाने सांगितले. ते चुकीचे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. तिने ते दाखवल्यावर नोंदणी झाली. दलालीपोटी एका महिन्याचे भाडे मात्र तिघींना भरावे लागले. ती रक्कम परत मिळत नाही, तिला खर्चच म्हणावे.

पहिल्या सहा महिन्यांत घरी काहीच पाठवायचे नाही, असे बैठकीत ठरले होते. चौथ्या महिन्यात तिने दोन हजार पाठवले आणि वडिलांनी ते त्याच दिवशी परत पाठवले. त्यावरून फोनवर वाद झाला, तो मला दोन्हीकडून ऐकावा लागला. आता ती दरमहा औषधांचे पैसे थेट इंदूरच्या औषधविक्रेत्याला देते, आणि त्याला वडिलांनी हरकत घेतलेली नाही.

ही हकीकत वाचून कोणी सरसकट ‘जावे’ असे उत्तर काढील, म्हणून त्याच सुमाराच्या आणखी एकाबद्दल थोडक्यात लिहिते. वय चौतीस, पत्नी आणि पाच वर्षांचा मुलगा, पुण्यातील नोकरीत हाती बत्तीस हजार, शिल्लक नव्वद हजार. वरवर पाहता त्याची बाजू त्या मुलीपेक्षा भक्कम होती. पण त्याला एकट्यापुरती कॉट चालणार नव्हती, पूर्ण घर हवे होते. अनामत, दलाली आणि जूनमधील शाळाप्रवेश हे तिन्ही एकाच महिन्यात येत होते, आणि सवलतीने महिनाभर ठेवून घेणारे नातेवाईक पुण्यात कोणी नव्हते. तीन भाग करायला बसलो तेव्हा परतीच्या भागासाठी काहीच उरेना. मी त्याला त्या वर्षी जाऊ नये असे सांगितले आणि तो गेला नाही. त्याची पत्नी घरी शिकवण्या घेत असे. पुण्याला गेल्यावर बंद पडणारे तिचे महिन्याचे नऊ हजार त्याने त्या हिशेबात मुळी धरलेच नव्हते.