ओम्नीतला दिवा विझत नाही? वायरिंग बदलण्याआधी हे करून बघा

तुमचं म्हणणं आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे माझी समजण्यात चूक झाली असेल तर लगेच कळेल. २००७ ची ओम्नी, रत्नागिरीत घराबाहेर उघड्यावर उभी असते. दारं लावली तरी छतातला दिवा चालूच राहतो, मात्र ड्रायव्हरचं दार दणकन आपटलं की कधीकधी विझतो. गेल्या दिवाळीत बल्ब काढून ३ वॅटची एलईडी पट्टी बसवलीत. तेव्हापासून दिवा विझला तरी अंधारात अगदी बारीक मिणमिणताना दिसतो. शनिवारी दुपारी लावलेली गाडी सोमवारी सकाळी सेल्फ घेईना. वायरमन म्हणतोय, वायरिंग कुजलंय, सगळंच बदला.

वायरिंग बदलू नका. तुम्ही तीन वेगवेगळी दुखणी एकाच दिव्याच्या नावावर घातली आहेत, आणि तिन्हींवरचा इलाज एका सुट्टीच्या सकाळी घरी होण्यासारखा आहे. बॅटरीचा तेवढा अपवाद, तिच्याकडे शेवटी येतो.

घरातलं बटण फेज तोडतं, म्हणून आपली सवय असते ‘करंट कुठून येतोय’ हे शोधायची. गाडीच्या छतातल्या दिव्याचा मामला उलटा आहे. त्याच्यापर्यंत फ्यूजमधून १२ व्होल्ट कायम आलेले असतात, किल्ली खिशात असली तरी. दाराच्या चौकटीत जी छोटी पिन दिसते तो स्विच. तो दुसरी वायर बॉडीला टेकवतो किंवा सोडवतो. दार उघडलं की स्प्रिंगने पिन बाहेर येते, वायरला बॉडीचं अर्थिंग मिळतं, दिवा लागतो. दार लागलं की पिन आत दाबली जाते आणि अर्थिंग तुटतं. तेव्हा न विझणाऱ्या दिव्याला एवढंच विचारायचं: तुला अर्थिंग कुठून मिळतंय? सगळ्या दारांचे स्विच समांतर जोडलेले असतात, त्यामुळे एक पिन जरी अर्धवट दाबली गेली तरी दिवा चालू. आणि या दुसऱ्या वायरचं वेष्टण घासून ती कुठे पत्र्याला लागली, तर फ्यूजही उडत नाही. दिवा शांतपणे जळत राहतो, बस.

माझा अनुभव सांगतो, कारण तो मला चांगलाच महागात पडला. आमच्याकडे एक जुनी व्हॅन होती. तिच्या छताचं रेक्झिन नवीन करून घेतलं आणि महिन्याभराने दिवा विझेना. मी चारही दारांचे स्विच बदलले, चौकटी घासल्या, वैतागून दिवाही नवा आणला. फरक शून्य. शेवटी रेक्झिनच्या पट्टीचे स्क्रू एकेक करून सैल केले, तर मागच्या कोपऱ्यातल्या तिसऱ्या स्क्रूला दिवा विझला. कारागिराचा स्क्रू बरोबर दाराच्या वायरीतून आरपार गेला होता. पहिल्याच दिवशी दिवा उघडून तपासला असता, तर निदान दिव्याचे पैसे वाचले असते. म्हणून तुम्ही सुरुवात दारापासून करू नका, दिव्यापासून करा.

त्याआधी एक हास्यास्पद वाटणारी गोष्ट. दिव्याचं स्वतःचं बटण तीन जागी सरकतं: कायम चालू, दाराबरोबर, कायम बंद. ते मधल्या जागी आहे ना? मुलं मागे बसली की त्यांचा हात तिथे जातोच. हसू नका, याच कारणाने मी दोनदा लोकांच्या घरी जाऊन आलोय.

आता दिव्याचं झाकण नखाने किंवा पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा, स्क्रू सोडवून दिवा खाली घ्या. सर्व दारं लावून, बटण ‘दार’वर ठेवून, दाराकडे जाणारी वायर दिव्यापासून सोडवा. कुठली ते कसं कळणार? टेस्ट लॅम्पचा (करंट मिळाला की पेटणाऱ्या तपासणीच्या दिव्याचा) चिमटा बॉडीला लावा आणि टोक एकेका वायरच्या सुटलेल्या थिंबलला, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीला, टेकवा. लॅम्प पेटला ती कायम करंटची वायर. तिच्यावर लगेच टेप गुंडाळा, कारण ती पत्र्याला लागली तर मात्र फ्यूज जाईल. राहिली ती दाराची. ती सुटलेली ठेवून करंटची वायर परत जोडा आणि दिवा स्क्रूने पुन्हा जागी बसवा. दिवा तरीही पेटला, तर दोष दिव्यातच आहे: आतली पितळी पट्टी वाकून स्क्रूला किंवा पत्र्याला टेकलीय. विझला, तर दिवा निर्दोष, दाराकडे चला. पाच मिनिटांत अर्धी गाडी संशयातून सुटते.

तुमच्या बाबतीत तो विझेल असं मी जवळजवळ खात्रीने सांगतो. दार आपटल्यावर विझतो, हीच त्याची कबुली आहे. जुन्या गाडीत ड्रायव्हरचं दार सगळ्यात जास्त वेळा उघडतं, त्याला धरून माणूस वर चढतो, बिजागऱ्या ढिल्या होतात आणि दार मिलिमीटर-दोन मिलिमीटर खाली बसतं. मग ते पिनेला पुरतं दाबतच नाही. खात्री करायची असेल तर दार उघडं ठेवून ती पिन बोटाने पूर्ण आत दाबा. बाकी दारं लावलेली असताना दिवा विझला, की स्विच चांगला आहे आणि चूक दाराची. नाही विझला, तर स्क्रू काढून स्विच बाहेर घ्या आणि त्याची वायर सोडवा. वायर सोडवल्यावर विझला तर स्विच गंजलाय. तरीही नाही, तर दुसऱ्या दाराला हेच. ओम्नीच्या सगळ्या दारांवर स्विच असेलच असं धरून चालू नका, सरकत्या दाराच्या चौकटीत आणि डिकीपाशी नजर टाका. स्विच सोडवताना वायरीला सुतळी बांधून ठेवा. ती खांबाच्या आत घसरली की बाहेर काढताना अर्धा दिवस जातो.

पिन दाराला कुठे आणि किती टेकते ते बघायला आमच्या आईची युक्ती वापरतो: पिनेच्या डोक्याला तेलात कालवलेलं कुंकू लावायचं, दार हळूच लावायचं, उघडायचं. पत्र्यावर भरगच्च ठिपका उमटला तर ठीक. अर्धचंद्र उमटला किंवा काहीच नाही, तर तिथे सायकलच्या ट्यूबचा नाण्याएवढा तुकडा रबर सोल्युशनने चिकटवा. वर्षभर तरी चिंता नाही. बिजागरीचे बोल्ट सैल असतील तर ते आधी आवळा, म्हणजे दार लावताना आपटावंही लागणार नाही.

रत्नागिरीची खारी हवा आणि कोकणचा पाऊस यांचा हिशेबही आहेच. स्विचवरचं रबरी टोपण फाटलं की पाणी आत जातं, आणि तिथे तुमचं मिणमिणणं सुरू होतं. भिजलेल्या, गंजलेल्या स्विचमधून अगदी थोडा करंट पाझरतो. जुन्या ५ वॅटच्या बल्बला पेटायला साधारण ०.४ अँपिअर लागतात, त्यामुळे एवढ्याशा पाझराने त्याची तार लालही होत नाही. एलईडीला मात्र काही मिलिअँपिअर पुरतात. म्हणजे पाझर दिवाळीच्या आधीही असू शकेल, दिसायला लागला एवढंच. जुना बल्ब परत लावून बघा. मिणमिणणं गेलं तर कारण हेच. स्विच पॉलिश पेपरने घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, टोपण नवीन घाला. इंजिन ऑइल लावू नका, त्यावर धूळ बसते. एवढ्यानेही राहिलंच, तर एलईडीच्या दोन टोकांवर १ किलोओहमचा, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर समांतर जोडतात. पाझर त्यातून निघून जातो. पण हा उपाय लक्षण झाकतो, म्हणून शेवटी.

रिमोटचं सेंट्रल लॉकिंग बाहेरून बसवून घेतलं असेल तर त्याचा डबा बहुतेक याच दाराच्या वायरीवर जोडलेला असतो. त्याचा रिले (करंटवर चालणारा आतला स्विच) चिकटला तरी दिवा चालू राहतो. डब्याचा प्लग काढून बघणं, इतकंच.

आता ती सोमवारची सकाळ. इथे तुमचा आणि वायरमनचा, दोघांचाही हिशेब चुकतोय. ३ वॅटची पट्टी १२ व्होल्टवर पाव अँपिअर खाते. शनिवार दुपार ते सोमवार सकाळ धरा ४० तास. झाले १० अँपिअर-तास. तुमची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. म्हणजे दिवा पूर्ण तेजात जळत राहिला असं मानलं तरी तीन-दशांशच्या आतच गेलं, आणि धडधाकट बॅटरी तेवढ्यावर सेल्फ घ्यायला हवी. घेतला नाही, तेव्हा एकतर बॅटरी म्हातारी झालीय, किंवा दिव्याखेरीज आणखी काहीतरी चोरून पितंय. बॅटरीची निगेटिव्ह वायर रात्रभर काढून ठेवून सकाळी मल्टीमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी. रात्री पूर्ण चार्ज करून सकाळी निम्मी निघाली, तर वायरिंगपाशी वेळ घालवू नका, दुकानात लोड टेस्ट (भार टाकून बॅटरीची ताकद तपासणं) करून घ्या. बॅटरी चांगली निघाली तर किल्ली काढून, दारं लावून, दिवा बंद असताना निगेटिव्ह वायर आणि बॅटरी यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरवर जोडा. अशा साध्या गाडीत ५० मिलिअँपिअरच्या वर आकडा दिसला, तर एकेक फ्यूज काढत जा आणि कुठला काढल्यावर तो पडतो ते बघा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, त्याचा फ्यूज जाईल.

गाडीला गॅस किट असेल तर हे सगळं सुरू करण्याआधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि दारं थोडा वेळ उघडी ठेवून हवा खेळू द्या. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखालीच आहे. गॅसचा जरासा वास आला तरी ठिणगी पडेल असं काहीही जोडू-सोडू नका, आधी गळती दुरुस्त करून घ्या.

तोपर्यंत रात्री दिव्याचं बटण ‘कायम बंद’वर ठेवा. फ्यूज काढायचा सल्ला बरेच जण देतील. काढलात तर हॉर्न, ब्रेक लाइट आणि पार्किंगचे दिवे लगेच तपासा, कारण पुष्कळ गाड्यांत यातलं एखादं त्याच फ्यूजवर असतं, आणि परशुराम घाटात पावसात ब्रेक लाइट नसलेली व्हॅन म्हणजे मागच्या ट्रकवाल्याच्या नशिबावर सोडल्यासारखं. कुंकवाचा ठिपका कसा उमटला ते कळवा, आणि बॅटरीवरची तारीखही वाचून सांगा.