आधी तबलजींच्या घरी जा

जय ख्रिस्त. तुम्ही लिहिलंय की रविवारच्या उपासनेत गीत काळी तीनमध्ये, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या काळ्या पट्टीला 'सा' धरून, उचललं, अंतऱ्याला मंडळी गप्प झाली, म्हणून मध्येच पट्टी खाली काळी एकवर आणली. मग तबला बेसूर वाटला आणि तुम्ही माइकवरूनच तबलजींना टोकलंत. आता ते सरावाला येत नाहीत आणि गायनाचं पुढारपण सोडावं का, असं तुम्ही विचारताय.

सोडू नका. लाजेपोटी सोडलंत तर सगळे तुमचीच समजूत काढत बसतील आणि ज्यांना बोल लागला ते बाजूलाच राहतील.

पट्टीचं आधी सांगतो, कारण त्यातच सगळं आहे. काळी तीनला लावलेला तबला गीत चालू असताना काळी एकवर उतरवता येत नाही. तेवढ्या खालच्या सुरासाठी बहुधा मोठ्या तोंडाचा तबला लागतो. म्हणजे तबलजी सुरातच होते, षड्ज, म्हणजे मूळचा 'सा', तुम्ही हलवलात. काळी तीन तुमच्या गळ्याला छान बसते, पण तार षड्जापर्यंत, म्हणजे वरच्या 'सा'पर्यंत, जाणारी चाल तिथून उचलली की बाकांवरचे पुरुष खालच्या सप्तकात उतरतात आणि वयस्कर बायका गायच्या थांबतात. सकाळच्या उपासनेला तर गळे आणखी जड असतात. मी पट्टी ठरवताना गीतातला सर्वांत वरचा सूर बघतो. तो तार सप्तकातल्या पांढरी दोनच्या वर जाऊ देत नाही. स्वतःचा आवाज तिथे खुलत नसला तरी चालतं. तो खुलवायला मंडळी जमलेली नसते, आणि हे आपल्यासारख्या गाणाऱ्यांना पटायला फार वेळ लागतो.

ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर अभंग-भजनांच्या वळणाची कितीतरी गीतं दिली. भजनात पुढे गाणारा एक ओळ म्हणतो आणि बाकीचे ती उचलतात. उचलायला जागा मिळावी म्हणून पुढच्याला थांबावं लागतं. तुम्ही ओळ दुसऱ्यांदा येईल तेव्हा माइकपासून एक पाऊल मागे घ्या आणि ऐका. आवाज भरून आला तर पट्टी बरोबर आहे. फक्त स्पीकरच वाजत असेल तर आपण मैफल करतोय.

आता तबलजींचं. मत्तय ५ मध्ये प्रभू सांगतो की अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. ते अक्षरशः करा, रविवारच्या आत. फोन नको, ग्रुपवर मेसेज तर अजिबात नको. घरी जा आणि म्हणा, "पट्टी मी बदलली, तबला बरोबर होता, चारचौघांत बोललो ते चुकलं." त्यापुढे 'पण' लावू नका, टेन्शनचं कारण सांगू नका. ते रागावून बोलले तर ऐकून घ्या. मग त्यांची परवानगी घेऊन सरावाच्या वेळी सगळ्यांसमोरही हेच सांगा, कारण अपमान सगळ्यांसमोर झालाय.

पाळकसाहेबांना विचारून काही रविवार बाकावर बसून गा, दुसऱ्या कुणाला पुढे उभं राहू द्या. १ इतिहास २५ वाचा: मंदिराच्या सेवेतले २८८ निपुण गायक, आणि त्यांच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या, त्यात लहानमोठा, गुरु-शिष्य असा भेद केला नाही. माझ्या मते प्रत्येक मंडळीत अशा पाळ्या असाव्यात. एकच माणूस वर्षानुवर्षं पुढे उभा राहिला की त्याला चूक दाखवायला कोणी धजत नाही. बाकावर बसाल तेव्हा शेजारच्या आजींना विचारा, कुठल्या ओळीला आवाज पोचत नाही. त्या बरोबर सांगतील.

तबलजी लगेच आले नाहीत तर त्यांच्या जागी घाईने दुसरा बसवू नका, आणि कीबोर्डमधला तयार ठेकाही लावू नका. पेटीवर गा. त्यांची जागा मोकळी आहे हे त्यांच्या कानावर जाईलच.