गावातल्या जुन्या महिला साहित्य मंडळाचा इतिहास कसा लिहावा?

तुमच्या मंडळाला ऐंशीच्या आसपास वर्षं झाली आहेत, हाताशी अध्यक्षांची यादी, थोडे फोटो आणि दोन स्मरणिका आहेत, आणि एवढ्यावरून इतिहास कसा लिहायचा असं तुम्ही विचारलंय. आमच्या वाचनालयाच्या महिला मंडळासाठी मी हे काम केलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अध्यक्षांची यादी शेवटी परिशिष्टात जाऊ द्या. त्या बायकांनी काय वाचलं, कशावरून वाद घातले आणि त्यासाठी घरातून दोन तास कसे काढले, हा मंडळाचा इतिहास. तो इतिवृत्ताच्या वहीत असतो. ही वही बहुतेक वेळा कार्यालयात नसते, एखाद्या जुन्या चिटणीसबाईंच्या कपाटात असते. घर पुनर्विकासाला गेलं की ती रद्दीत जाते, तेव्हा सगळ्यात आधी तिच्यामागे लागा. मिळाली की मुखपृष्ठापासून प्रत्येक पानाचा फोटो काढा, कोरी पानंसुद्धा सोडू नका. सोबत पावतीपुस्तकं आणि पुस्तकांच्या देवघेवीची नोंदवहीही मागा. कोणती कादंबरी कितीजणींनी नेली हे भाषणांच्या वृत्तांतात येत नाही, देवघेवीत येतं.

जुन्या नोंदीत वर्ष शकात दिलं असेल तर इसवी सन काढायला सरसकट ७८ मिळवू नका. शकाचं वर्ष चैत्रात बदलतं, त्यामुळे माघ शके १८६७ म्हणजे साधारण १९४६चा फेब्रुवारी. स्थापनेचं वर्ष इथेच चुकतं आणि मग तेच प्रत्येक स्मरणिकेत छापलं जातं. मंडळ नोंदणीकृत असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परिशिष्ट १चा उतारा (म्हणजे तिथली मंडळाची अधिकृत नोंद) आणि वेळोवेळचे बदल अर्ज काढा. विश्वस्त कधी बदलले ते त्यात तारखेनिशी कळतं. मात्र १९५०चा सार्वजनिक विश्वस्त कायदा येण्याआधी सुरू झालेल्या मंडळांची नोंदणी स्थापनेनंतर बऱ्याच वर्षांनी झालेली असू शकते, म्हणून नोंदणीची तारीख स्थापनेची धरू नका.

सगळ्यात जास्त वेळ नावांना द्या. वहीत ‘सौ. कुलकर्णी यांनी कविता वाचली’ एवढंच असतं आणि त्या वर्षी सभासदांत तीन कुलकर्णी असतात. कुणाचा उल्लेख नुसता ‘माई’, कुणाचा ‘डॉक्टरीणबाई’. कविता छापून आली असेल तर ती माहेरच्या नावाने. मी प्रत्येकीसाठी एक कार्ड केलं: माहेरचं नाव, सासरचं नाव, हाक मारायचं नाव, लेखनाचं नाव. हे किचकट आहे, पण टाळू नका. नवऱ्याच्या नावाआड गेलेली लेखिका तिच्या स्वतःच्या नावाने कागदावर येणं, यासाठीच तर आपण हा खटाटोप करतो. फोटोंच्या मागे नावं मऊ पेन्सिलीने लिहा आणि हे काम ज्येष्ठ सभासद आहेत तोवर करा.

त्यांच्याशी बोलताना ‘मंडळाबद्दल सांगा’ म्हटलं की सत्कारातलं भाषण ऐकायला मिळतं. ‘बैठकीला निघताना घरी काय सांगून निघायचात?’ असं विचारा. मला या एका प्रश्नातून जितकं मिळालं तितकं कुठल्याच कागदातून मिळालं नाही. बैठकीची वेळ दुपारचीच का, हळदीकुंकवाला जोडूनच कवितावाचन का, याची उत्तरं तिथे आहेत.

मागची परंपराही थोडक्यात मांडा. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज काढला. रमाबाई रानडे त्यात जात, आणि त्यांच्या शिकण्याला घरातल्या बायकांचाच किती विरोध होता ते त्यांनी १९१० साली आलेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’त लिहून ठेवलंय. पुढे १८९४ साली त्यांनी मुंबईत हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब सुरू केला. मराठी ग्रंथकारांचं पहिलं संमेलन १८७८चं, आणि संमेलनाच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री, कुसुमावती देशपांडे, १९६१ साली ग्वाल्हेरला. म्हणजे तुमच्या मंडळाची सुरुवातीची वर्षं याआधीची. त्या काळात गावातल्या बाईने लिहिलेलं ऐकायला हक्काचा श्रोतृवर्ग कुठे होता, तर अशा मंडळांत. म्हणून मी या मंडळांना ‘फावल्या वेळचा उद्योग’ म्हणणाऱ्यांशी भांडते.

त्याच प्रेमापोटी एक गोष्ट आवर्जून लिहा: मंडळात कोण नव्हतं. सभासदांची आडनावं वाचली की दोन-चार आळ्यांच्या, म्हणजे ठरावीक जातींच्या पलीकडे मंडळ गेलं होतं का ते लगेच दिसतं. लिहिणाऱ्या बायका त्या आळ्यांबाहेरही होत्या. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या, मांग समाजातल्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात आला, ताराबाई शिंदेंचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२चं. सावित्रीबाई फुल्यांनी तर १८५२ सालीच पुण्यात तिळगूळ समारंभाला सगळ्या जातींच्या बायकांना एकाच जाजमावर बसायला बोलावलं होतं. तुमच्या मंडळाचं दार पुढे कधी उघडलं, कुणामुळे उघडलं, की उघडलंच नाही, हे लिहिल्याशिवाय तो इतिहास पुरा व्हायचा नाही.

भांडणं आणि राजीनामे गाळू नका. फक्त हयात व्यक्तींना तो मजकूर आधी वाचायला द्या. हस्तलिखित अंक असतील तर त्यातलं निवडक तसंच्या तसं छापा, शुद्धलेखन न सुधारता. सगळ्या फोटोंची एक प्रत मंडळाकडे आणि एक जिल्हा ग्रंथालयाकडे ठेवा. वही कोणत्या घरी सापडली आणि कोणी दिली, हेही पहिल्याच पानावर लिहा.