आईंचा स्कोअर वाढतोय, गोळी मात्र रोज चुकते

"रोज दीड तास खेळतात, चाळिसावी लेव्हल झाली. तरी रात्रीची बीपीची गोळी घेतली की नाही, ते आठवत नाही. डिमेन्शिया तर नाही ना?" 72 वर्षांच्या सासूबाईंना घेऊन आलेल्या सुनेचा प्रश्न. परदेशातल्या मुलाने आईच्या फोनवर मेंदूच्या व्यायामाचं ॲप घालून दिलं होतं. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "रोज परीक्षा दिल्यासारखं वाटतं. चुकलं की लेकाला तिकडे दिसतं."

स्कोअर खोटा नव्हता. पण जोड्या लावायचा सराव केला की माणूस जोड्या लावण्यात तरबेज होतो, गोळी आठवण्यात नाही. अमेरिकेत 1998 मध्ये सुरू झालेल्या 'ॲक्टिव्ह' या मेंदूच्या सरावावरच्या अभ्यासात 65 वर्षांवरचे 2,832 जण होते. चाचण्यांत सुधारणा दिसली ती ज्या क्षमतेचा सराव केला तिच्यातच, आणि स्मरणशक्तीच्या सरावाचा फायदा 10 वर्षांनंतर उरला नव्हता.

खेळाला हात लावण्याआधी काकूंना डॉक्टरांकडे पाठवलं. बी-12, थायरॉइड, ऐकू येणं, झोप, मन उदास आहे का, आणि घेत असलेली प्रत्येक गोळी. शेवटच्या मुद्द्यावर धागा सापडला. सर्दीसाठी दुकानातून आणलेली, गुंगी आणणारी जुन्या प्रकारची ॲलर्जीची गोळी त्या कित्येक महिने रोज रात्री घेत होत्या. अशा गोळ्यांनी उतारवयात विसराळूपणा वाढतो. डॉक्टरांनी ती बंद केली.

मग फोन. काकूंच्या बऱ्याचशा चुका स्मरणाच्या नव्हत्याच. बोटं कोरडी, स्पर्श नीट लागत नाही, तोवर वेळ संपते. अक्षरं मोठी केली, घड्याळ लावलेले खेळ काढले, मुलाकडे जाणारा स्कोअर बंद केला. खेळ सकाळी चहानंतर 20 मिनिटं, एक दिवसाआड. दहातली तीनपेक्षा जास्त उत्तरं चुकली तर एक पायरी खाली यायचं. रात्री खेळ नाही, झोप मोडते.

खरा सराव वेगळाच दिला. भिशीतल्या सहा जणींची नावं आठवत नाहीत म्हणून काकूंनी भिशीला जाणं सोडलं होतं. या वयात ते एकटेपण फार महाग पडतं. फोनमध्ये सहा फोटो ठेवले. एका दिवशी दोनच चेहरे. नाव सांगायचं, 1 मिनिटाने विचारायचं, मग 2, 4, 8, 16 मिनिटांनी. अडल्यास "आठवा ना, आई" करत ताणायचं नाही. नाव लगेच सांगायचं आणि आधीच्या अंतरावर परत यायचं. चुकीचा अंदाज पुन्हा पुन्हा उच्चारला तर तोच डोक्यात बसतो.

गोळीसाठी स्मरणशक्ती पणाला लावलीच नाही. सात कप्प्यांची डबी, रात्री 8:30 चा अलार्म, त्यावर लिहिलेलं 'बीपीची गोळी'. सुरुवातीला काकू अलार्म आधी बंद करत आणि गोळी घ्यायला उठेपर्यंत विसरत. म्हणून फोन डबीवरच ठेवला: आधी गोळी तोंडात, मग अलार्म बंद.

सुनेला एक कागद दिला. पाच-दहा मिनिटांत तोच प्रश्न वारंवार, ओळखीच्या गल्लीत वाट चुकणं, नेहमीच्या हिशेबात घोळ, असं दिसलं तर मेंदूविकारतज्ज्ञ गाठायचे. एक-दोन दिवसांत एकदम गोंधळ उडाला तर त्याच दिवशी दवाखाना.

सहाव्या आठवड्यात डबी रोज रिकामी होत होती. सहापैकी पाच नावं पक्की झाली होती. ॲपचा स्कोअर घसरला होता, आणि काकू पुन्हा भिशीला जाऊ लागल्या होत्या.