पत्रकातलं तिसरं वाक्य

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्रक दोनदा वाचलं. भाषा साधी आहे, चित्र एकच आहे, हात धुण्याचं पुराण लावलेलं नाही. पण तिसऱ्या वाक्यापाशी अडखळलो : ‘फ्लूची लस घ्या आणि निश्चिंत व्हा.’ हे वाक्य मीही एके काळी ठोकून देत असे, म्हणून हे पत्र.

एका सभेत मी अगदी हेच म्हणालो होतो. पुढच्या वर्षी त्याच सभागृहात मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. म्हणाले, “तुमचं ऐकून टोचून घेतली. पाच दिवस अंथरुणात होतो, तपासणीत फ्लूच निघाला. आता बोला.” मी सारवासारव केली. लस नसती तर आणखी आजारी पडला असता, वगैरे. त्यांच्या बाबतीत ते खरं होतं की नाही, हे मला कुठून कळणार? ते खाली बसले, पण शेजारची दोन माणसं उठून निघून गेली. हे गृहस्थ लसविरोधक नव्हते. त्यांना त्या दिशेला मी ढकललं.

आकडा सरळ सांगायचा. लस आणि विषाणू यांचं जमलं, तर डॉक्टरकडे जावं लागेल असा फ्लू ही लस साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. नाही जमलं तर फजिती. २०१४-१५च्या हंगामात अमेरिकेत हा आकडा १९ टक्क्यांवर आला होता. कारण गुपित नाही. उत्तर गोलार्धासाठी कोणते विषाणू लशीत घालायचे, याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीतच करते, कारण कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून लस तयार करायला सहाएक महिने जातात. त्या वर्षी मधल्या काळात एच३एन२ या फ्लूच्या विषाणूने रूप बदललं. लोकांना हे कळत नाही असं आपण धरून चालतो. सांगून बघ, चांगलं कळतं.

हे टक्के कसे काढतात तेही तुला तोंडपाठ हवं, कारण कोणीतरी विचारणारच. खोकला-ताप घेऊन दवाखान्यात आलेल्या सगळ्यांचा स्वॅब घेतात. समज, फ्लू निघालेल्या १०० जणांत २५ जणांनी लस घेतलेली आहे आणि फ्लू न निघालेल्या १०० जणांत ४० जणांनी. पहिल्या गटात लस घेतलेले आणि न घेतलेले यांचं प्रमाण एकास तीन, दुसऱ्यात दोनास तीन. पहिलं दुसऱ्याच्या निम्मं, म्हणजे परिणामकारकता ५० टक्के. आजारी पडून दवाखान्यापर्यंत आलेल्यांचीच आपसात तुलना होते, यातच या पद्धतीची खुबी आहे.

ती का, तेही सांगतो. पूर्वी नुसती लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या वृद्धांची तुलना करत आणि लशीमुळे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचं सांगत. २००६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी सुमारे ७२ हजार वृद्धांच्या नोंदी तपासल्या. फ्लूचा हंगाम सुरू होण्याआधीच लस घेतलेल्यांचा मृत्यूचा धोका निम्म्याहून कमी दिसत होता! फ्लूच नाही, तर लस वाचवणार कशापासून? जो बऱ्यापैकी धडधाकट आहे तोच लशीच्या रांगेपर्यंत चालत जातो, एवढाच त्याचा अर्थ. हा शोध कुणा लसविरोधकाने लावलेला नाही. आपल्याच क्षेत्रातल्या लोकांनी लावला, आणि याचा मला अजून अभिमान वाटतो.

महासाथीचा मुद्दा निघाला की तुझ्यासमोर १९७६ ठेवतील. ठेवू दे. न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्स छावणीत एक सैनिक स्वाइन फ्लूने दगावला, १९१८च्या फ्लूच्या महासाथीची आठवण निघाली आणि राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सगळ्या देशाला लस देण्याचं जाहीर केलं. चार कोटींहून जास्त लोकांनी घेतली. साथ छावणीबाहेर पसरलीच नाही. लस घेतलेल्यांत मात्र गियाँ-बारे हा मज्जातंतूंचा आजार लाखामागे सुमारे एकाला जादा आढळला आणि डिसेंबरात मोहीम थांबली. माझ्या मते चूक लस बनवण्यात नव्हती. लस बनवून ठेवणं आणि ती टोचायला सुरुवात करणं हे दोन निर्णय एकाच घोषणेत बांधले गेले, तिथे घोटाळा झाला.

२००९च्या स्वाइन फ्लूच्या महासाथीचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. ‘साडेअठरा हजार तर मेले, त्याला महासाथ म्हणता?’ हा टोमणा तू ऐकला असशील. ते प्रयोगशाळेत सिद्ध झालेले मृत्यू. तपासणीपर्यंत न पोहोचलेले धरून २०१२ साली जो अंदाज आला, तो दीड लाख ते पावणेसहा लाखांच्या दरम्यानचा होता, आणि त्यांतले बहुतेक ६५ वर्षांखालचे होते. म्हणून टोमणा चुकीचा. पण जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आणीबाणी समितीतल्या तज्ज्ञांची नावं महासाथ संपेपर्यंत जाहीर केली नव्हती, हा आक्षेप रास्त आहे. आणि पॅन्डेमरिक्स या त्या महासाथीवरच्या लशीनंतर फिनलंड-स्वीडनमधल्या काही मुलांना दिवसाढवळ्या झोपेचे झटके येऊ लागले, नार्कोलेप्सी झाली, हेही खरं आहे. फिनलंडने ऑगस्ट २०१० मध्ये त्या लशीचा वापर थांबवला. हे तुझ्या तोंडून आधी निघू दे. समोरच्याने खिशातून काढलं, की पुढचं तुझं कोणी ऐकत नाही.

(ज्यांना फक्त भांडायचंय त्यांच्यावर संध्याकाळ घालवू नकोस. मी बऱ्याच घालवल्या.)

तर तिसरं वाक्य. मी असं लिहिलं असतं : ‘ही लस घेतल्यावरही फ्लू होऊ शकतो. होण्याची शक्यता बहुतेक वर्षी निम्म्याच्या आसपास कमी होते, काही वर्षी तेवढीही नाही. वय जास्त असेल, गरोदर असाल, दमा किंवा हृदयविकार असेल तर घ्याच.’ एवढं पत्रकात मावणार नाही म्हणशील. मग खालचं ते हसऱ्या सिरिंजचं चित्र काढून टाक.

तुझा,
एक जुना साथरोगवाला