माझ्या डिजिटल चित्रांच्या ए३ प्रिंट विकायच्या आहेत. फाइल केवढी हवी आणि कागद कोणता घ्यावा?

फाइल ३५०८ × ४९६१ पिक्सेलची, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल ठेवा, आणि कागद आम्लमुक्त कॉटनचा, मॅट, ३०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) आसपासचा घ्या. मी स्वतःची चित्रं छापून विकतो, त्यावरून सांगतो: कागदाइतकाच फरक शाईने पडतो. पिगमेंट शाईच (रंगाचे बारीक कण असलेली) मागा. डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) सुरुवातीला जास्त झळकते, पण उजेडात लवकर उडते. खूप पांढराशुभ्र दिसणारा कागदही जरा जपूनच घ्या. त्यात बहुधा ऑप्टिकल ब्राइटनर (कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेली रसायनं) असतात आणि त्यांचा परिणाम ओसरला की कागद पिवळसर दिसू लागतो.

खरी गडबड रंगांची होते. स्क्रीन स्वतः उजळते, कागद नाही, त्यामुळे भडक निळे-हिरवे छपाईत मंदावतात आणि गडद भाग आणखी काळवंडतात. छापणाऱ्याकडून त्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (प्रिंटर त्या कागदावर रंग कसे उमटवतो हे सांगणारी फाइल) घेऊन सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छपाई कशी दिसेल याचा स्क्रीनवरचा अंदाज, बघा, मग एक लहान नमुना छापून दिवसाच्या उजेडात तपासा. हा खर्च वाचवू नका.

मर्यादित आवृत्ती काढणार असाल तर आकडा आधीच ठरवा आणि मार्जिनमध्ये पेन्सिलीने ५/५० (म्हणजे पन्नासांतली पाचवी) असा क्रमांक व सही करा. नंतर तीच प्रिंट पुन्हा काढली तर आधीच्या ग्राहकांची फसवणूक होते.

एक मात्र आहे: ३०० हा आकडा हातात धरून बघायच्या प्रिंटसाठी. लांबून बघायच्या मोठ्या पोस्टरला १५० सुद्धा चालतात. लहान फाइल ताणून ३०० केली तर तपशील वाढत नाही.